हुकूम कोणी बोलायचा?

बोईसरच्या एखाद्या चाळीत नवापूरचा माणूस आणि गोरखपूरचा माणूस पहिल्यांदाच एका सतरंजीवर पत्ते खेळायला बसले, की पहिल्याच डावात ते एका शब्दापाशी अडतात. नवापूरकर विचारतो, "हुकूम काय आहे?" गोरखपूरवाला हातातलं इस्पिकचं पान पुढे करून म्हणतो, "हुकुम तो यही है." दोघंही बरोबर असतात. हिंदीत हुकुम हे इस्पिकचंच नाव आहे. खेळ कोणताही असो, त्या काळ्या टोकदार पानाला हुकुम म्हणायचं. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावापुरता सगळ्यांवर चढणारा रंग. या डावात तो बदाम असेल, पुढच्या डावात किलवर. मराठीतला हुकूम कोणीतरी बोलावा लागतो, आणि बोलला की बाकीच्या तिघांना मानावा लागतो.

हे नवापूर पालघर जिल्ह्यातलं, बोईसरच्या पश्चिमेला समुद्राला टेकलेलं. (नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर वेगळं. त्या नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे.) एका बाजूला मासेमारी करणारी गावं, दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीज देणारं अणुवीज केंद्र, उत्तरेला थोड्याच अंतरावर गुजरात. चार दिशांची माणसं इथे पोटासाठी एकत्र आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पत्त्यांचे शब्दही आले. म्हणून पत्त्यांच्या शब्दांबद्दल बोलायचं तर हा पट्टा मला फार सोयीचा वाटतो.

हुकूम हा मूळचा अरबी शब्द, हुक्म. हाकीम, हुकूमत, महकमा ही सगळी त्याच घरातली भावंडं. फारसीच्या वाटेने तो आपल्या दरबारी कागदांत आला, आणि फारसीच्याच वाटेने पत्त्यांतही आला असणार, कारण इराणमध्ये आजही घरोघरी खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचं नावच होक्म आहे. चार जण, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या, बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. ज्याच्याकडे रंग ठरवायचा मान असतो त्याला तिथे हाकेम म्हणतात. पहिली पाच पानं हातात आली की तेवढ्यावरून त्याने होक्म सांगायचा. आपल्याकडचा मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला हे वाचून घरचंच काहीतरी ऐकल्यासारखं वाटेल.

युरोपात याच गोष्टीला वेगळं नाव पडलं. इंग्रजीतला ट्रम्प हा ट्रायम्फचा, म्हणजे विजयाचा, झिजलेला अवतार. डच भाषेत तो त्रूफ झाला, आणि बंगालीतला तुरुप हा डचांकडून आला असं मानतात. हिंदीतही तुरुप आहे. म्हणजे पूर्वेकडे खेळाचा वरचढ रंग विजय म्हणून आला आणि आपल्याकडे आज्ञा म्हणून. मराठीने ही आज्ञा इतकी मनावर घेतली, की खेळाबाहेरही तिचा अर्थ पालटला. हुकमी म्हणजे खरं तर हुकमाप्रमाणे वागणारा, पण आपण हुकमी उपाय म्हणतो तेव्हा हमखास लागू पडणारा उपाय असंच म्हणायचं असतं. हुकमाचा एक्का हातात आहे म्हणजे आता हार नाही. हमखासपणाचा हा अर्थ दरबारातल्या आज्ञेपेक्षा पत्त्यांच्या डावाने मराठीला दिला, असं माझं मत आहे. दरबारातला हुकूम मोडता येतो. चटईवरचा मोडता येत नाही.

रंगांची नावं बघा. बदाम आणि चौकट ही दोन आपण डोळ्यांनी पाहून ठेवली. तांबड्या पानावरच्या आकाराला हिंदीने पान म्हटलं, म्हणजे विड्याचं. मराठीला त्यात बदाम दिसला, आणि मग तो आकारच बदामी झाला. लॉकेट, कुंकू, रांगोळी, सगळीकडे. चौकट तर दाराचीच. १९९१ च्या सिनेमाला 'चौकट राजा' हे नाव देताना कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही, इतकं ते पान घरातलं. किलवर आणि इस्पिक मात्र परके. किलवर हे इंग्रजी क्लोव्हर आणि डच क्लाव्हर या दोन्हींच्या जवळ बसतं. दोन्हींचा अर्थ तीन पानांचं गवत, आणि पत्त्यावरच्या चिन्हातही तीच तीन पानं आहेत. इस्पिकच्या सुरुवातीचा इ आपल्या जिभेने लावलेला असावा. जोडाक्षराने सुरू होणारा परका शब्द आला की आपण बोलताना इ लावतो: इस्टेशन, इस्कूल. शेजारी कन्नडमध्ये तो इस्पीट झाला, आणि तिथे एका रंगाचं नाव पसरून सगळ्या पत्त्यांना मिळालं. बेळगावकडचे मराठी वाचक कन्नड वर्तमानपत्रात इस्पीट अड्ड्यावर छापा अशी बातमी वाचतात तेव्हा ती फक्त काळ्या पानांची नसते. बंगालीत हरतन, रुइतन, इस्कापन ही तीन नावं डच हार्तन, राउतन, स्खोपन यांची. रवींद्रनाथांनी १९३३ मध्ये 'ताशेर देश' लिहिताना पात्रांना हीच नावं दिली. डचांची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. किनाऱ्याला आलेल्या गलबतांतून मसाल्याबरोबर पत्त्यांचा कॅटही उतरत असणार, आणि खलाशाला रिकाम्या वेळी बरोबर खेळायला माणूस लागतो, भाषा कोणतीही असो.

हे बावन्न पानी पत्ते यायच्या आधी आपल्याकडे गंजिफा होता. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या ठठ्ठ्याला शाह हसनकडे गंजिफ्याची पानं पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे सावंतवाडीने तो जपला. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, प्रत्येक रंगात बारा, म्हणजे एकशे वीस गोल पानं. मासा, कासव, शंख, परशू अशी अवतारांची चिन्हं. राजा आणि प्रधान. राणी नाही. गुलाम आहे, पण तो मोगली गंजिफ्यात आठ रंगांपैकी एका रंगाचं नाव म्हणून. गंजिफ्यातही हात करायचे असतात, म्हणजे एकाने पान टाकायचं, बाकीच्यांनीही एकेक टाकायचं आणि त्याच रंगाच्या मोठ्या पानाने सगळी उचलायची; पण तिथे हुकूम बोलत नाहीत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून ही कला पुन्हा शिकून घेतली, म्हणून ती आज दिसते. जाता जाता: गंजिफा आणि गंजीफ्रॉक यांचा काहीही संबंध नाही. अंगातली गंजी इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरून आली, गंजिफा फारसीतून. कानाला ते सख्खे वाटतात, एवढंच.

आता मेंढीकोट. पालघर, डहाणू, वसई या भागात आणि उभ्या महाराष्ट्रात लहान-मोठे सगळे जो खेळ खेळत आले तो हा. गणपतीच्या जागरणाला, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की जाळी विणता विणता, आणि गाडीत चार मांड्यांवर रुमाल पसरून. (२०१३ मध्ये उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत गेल्या, तेव्हा बोईसरच्या उतारूंनी हा रुमालही पुढे नेला. उतारू आणि पत्त्यांतली उतारी, दोन्ही एकाच उतरण्यातले: एक गाडीतून उतरतो, एक हातातून.) चार जण, दोन जोड्या. चार दश्श्या, म्हणजे दहाची पानं, पकडायच्या; त्यांनाच मेंढ्या म्हणतात. एका जोडीने चारही घेतल्या की समोरच्यांवर कोट. तेराही हात घेतले तर बावन्न पानी. हुकूम बंद ठेवायचा की कट करून काढायचा, हे आधी ठरवायचं. बंद हुकमात एकाने एक पान पालथं घालून ठेवायचं, आणि ज्याच्याकडे उतारीचा, म्हणजे हातातल्या पहिल्या पडलेल्या पानाचा, रंग नसेल त्याने मागितल्यावर ते उघडायचं. कट हुकमात ज्याच्याकडे पहिल्यांदा उतारीचा रंग संपला, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हाच हुकूम.

पण दश्शीला मेंढी का म्हणायचं? लहानपणी सगळ्यांनी याचा अर्थ आपापल्या परीने लावलेला असतो: मेंढ्या हाकून कोटात कोंडायच्या. कोट म्हणजे तटबंदी, तेव्हा मेंढीकोट म्हणजे मेंढवाडा. शब्द इतका नीट बसतो की संशय येत नाही. मला संशय आला तो गुजराती ऐकून. गुजरातेत याच खेळाला मिंडीकोट म्हणतात, आणि गुजरातीत मींडुं म्हणजे शून्य. पत्त्यांच्या कॅटात शून्य असलेलं एकच पान असतं, ते दहाचं. दुर्रीपासून नव्वीपर्यंत एक आकडा, एक्का-राजा-राणी-गुलामाला आकडा नाही, आणि मधे हे एकटं पान एक आणि मींडुं घेऊन उभं. मींडुंवाली ती मींडी. गुजराती आणि मराठी जिथे एकाच बाजारात बोलल्या जातात त्या डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात मींडीची मेंढी व्हायला फार वाट पाहावी लागली नसेल. अनोळखी शब्द आला की आपण त्याला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालतो. हा माझा तर्क आहे आणि तो मला पटतो. मेंढवाड्याच्या बाजूने मला कोणी सांगावं, की मग बाकीची बारा पानं प्राणी का नाहीत.

याच खेळाने भिडू हा शब्द घट्ट केला. भिडणे म्हणजे जाऊन टेकणे, लागणे, आणि सामना करणेही. खेळात भिडू म्हणजे ज्याच्या साथीने सामना करायचा तो. मुंबईने तो पुढे रस्त्यावर नेला, कोणालाही हाक मारायला वापरला, आणि जॅकी श्रॉफ यांच्या तोंडून तो देशभर गेला. २०२४ मध्ये आपलं नाव आणि ओळख परवानगीवाचून कोणी वापरू नये म्हणून ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्या ओळखीत भिडू हा शब्दही होता. पण भिडूचा खरा अर्थ कळतो तो मेंढीकोटात. माझ्या भिडूने बदामची सत्ती का टाकली, त्याच्याकडे दश्शी एकटी आहे का, आता मी राजा टाकला तर तो समजेल का. सगळा खेळ समोरच्या एका माणसाच्या मनात काय आहे ते ओळखण्याचा. बोलायला बंदी, खुणेला बंदी. तरी आयुष्यभर एकत्र खेळलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांना हरवणं अवघड जातं, ते यामुळे.

पत्त्यांच्या हाताला हिंदी-उर्दूत सर असंही म्हणतात. फारसीत सर म्हणजे डोकं, माथा. आपण किल्ला सर करतो तो हाच सर. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत पोर्तुगिजांकडून तारापूरचा किल्ला सर झाला, मग मे महिन्यात वसई. मोत्यांचा सर आणि पावसाची सर यांचं मूळ निराळं. नवापूरच्या पट्ट्यात मात्र मी पत्त्यांच्या बाबतीत हातच ऐकला: आमचे किती हात झाले, तुमचे किती.

आता मोबाइलवरच्या पत्त्यांकडे येतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा यायच्या आधीच्या एका पावसाळ्यात नवापूरला जाळ्यांच्या शेडमध्ये बसलो होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे माणसं मोकळी. चौघांचा मेंढीकोट चालला होता. त्यांतल्या एका आजोबांचा नातू बाजूला मोबाइलवर कॉलब्रेक खेळत होता, आणि पैसे लावून खेळत होता. आजोबांनी पानं पिसता पिसता विचारलं,

"तुझा भिडू कोण रे?"

"भिडू नसतो आजोबा. सगळे एकेकटे."

"मग हुकूम कोण बोलतं?"

"बोलायचा नसतो. इस्पिकच कायम."

"मग तुम्ही बोलता काय?"

"कॉल. किती हात करणार तो आकडा."

आजोबांनी पानं काटायला शेजाऱ्यापुढे धरली आणि विषय तिथेच संपला. मला मात्र त्या सहा ओळींत एका खेळाचा सगळा प्रवास ऐकू आला.

कॉलब्रेक हा काही परका खेळ नाही. नेपाळात आणि उत्तर भारतात तो घरोघर खेळतात. बोईसरच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत तो तिथल्याच माणसांबरोबर आला. चार जण, तेरा-तेरा पानं, आधी प्रत्येकाने आपण किती हात करू ते सांगायचं, कमी पडले तर तेवढे गुण वजा. पाच डाव. चांगला, डोक्याचा खेळ आहे. आणि यात इस्पिक कायमचा वरचढ असल्यामुळे सुरुवातीच्या त्या दोघांचं भांडण आपोआप मिटतं: हिंदीचा हुकुम आणि मराठीचा हुकूम या एका खेळात एकच पान होतात. सतरंजीवर चौघं मिळून खेळले तर मला त्याबद्दल एक अक्षर वाईट बोलायचं नाही. नातवाच्या हातातल्या पडद्यावर मात्र वेगळं चाललं होतं. बाकीचे तिघं म्हणजे तीन गोल चित्रं आणि तीन टोपणनावं. प्रत्येक पानाला मोजके सेकंद. वरच्या कोपऱ्यात शिल्लक रक्कम आणि तिच्या शेजारी हिरवं बटण: ॲड कॅश. टेबल निवडायचं ते माणसं पाहून निवडायचं नाही, रकमेवरून निवडायचं. पन्नासचं टेबल, शंभरचं टेबल. डाव संपला की जिंकलेली रक्कम दिसते, पण चौघांनी भरलेल्या पैशांची बेरीज केली तर तिच्यापेक्षा ती कमी असते. मधली रक्कम कंपनीची. तिला नाव प्लॅटफॉर्म फी.

या फीला आपल्याकडे जुना शब्द आहे: नाल. घोड्याच्या टापेला ठोकतात ती नाल, शब्द अरबी. जुगाराच्या बोलीत नाल म्हणजे अड्डा चालवणाऱ्याने प्रत्येक डावातून काढून घ्यायची रक्कम. खेळणारे जिंकोत की हरोत, नाल काढणारा कधी हरत नाही. पत्ते त्याचे, जागा त्याची, चहा त्याचा. आपल्याकडे अजून लागू असलेल्या १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगारघर ओळखण्याची खूण म्हणून नेमका हाच नफा धरला. नवापूरच्या म्हाताऱ्या माणसाला प्लॅटफॉर्म फी कळणार नाही. नाल म्हटलं की एका क्षणात कळेल, आणि मग तो नातवाला काय सांगेल तेही आपल्याला ठाऊक आहे. शब्द बदलला की समजणारा माणूस बदलतो. म्हणूनच मला हा बदल साधा वाटत नाही.

याच १८८७ च्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. त्या एका कौशल्य शब्दावर कितीतरी वर्षं मोठा धंदा उभा राहिला. कंपन्यांचा आधार होता सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा के. सत्यनारायण खटल्यातला निकाल. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ मध्ये छापा पडला होता. तिथे रमी चालली होती. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलं, की रमीत कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, हात जुळवावा लागतो, म्हणून ती तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. तिच्यातलं नशीब ब्रिजच्या वाटपात असतं तेवढंच. हे वाक्य जाहिरातींपासून न्यायालयांपर्यंत सगळीकडे पोचलं. त्याच निकालात पुढे असंही म्हटलं आहे, की क्लबचा मालक पैसे लावून चाललेल्या रमीतून किंवा कोणत्याही खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. हा नफा म्हणजेच नाल. हे वाक्य जाहिरातींत कुठे दिसलं नाही.

जाहिरातींत दिसायचं ते दुसरंच. जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून पैशांच्या खेळांच्या जाहिरातींना धोक्याची सूचना सक्तीची केली. हिंदीत ती भराभर म्हटली जायची: इसमें आर्थिक जोखिम है और इसकी आदत लग सकती है. आदत म्हणजे सवय. सवय सकाळी चहा घेण्याचीही असते. मराठीकडे यासाठी नाद आहे, व्यसन आहे, आणि पत्त्यांच्या बाबतीत आपण कधी सवय म्हटलेलं नाही. त्याला पत्त्यांचा नाद लागला, असंच म्हणतो. नाद म्हटल्यावर घरातली बाई सावध होते. सवय म्हटल्यावर होत नाही. सूचना लिहिणाऱ्यांना हे कळत नसेल असं मी मानत नाही.

आपल्या भाषेत पैशाच्या डावाचे शब्द फार जुने आहेत आणि ते अगदी स्पष्ट बोलतात. संस्कृतात पण् धातूचे दोन अर्थ एकत्र आहेत: सौदा करणे आणि पणाला लावणे. त्यातूनच पण, म्हणजे डावावर लावलेली रक्कम आणि नाणंही; त्यातूनच पण्य, म्हणजे विकायची वस्तू; आणि त्यातूनच आजचं पणन, विपणन. कापूस घेणारा पणन महासंघ आणि युधिष्ठिराने पणाला लावलेलं राज्य एकाच धातूतून निघालेले आहेत. पैज मात्र निराळ्या घरातली: ती प्रतिज्ञेची पोर. शब्द देऊन लावायची ती पैज, पैसे मोजून लावायचा तो पण. आणि जुगार हा द्यूतकाराचा, म्हणजे द्यूत खेळणाऱ्याचा, घासून घासून उरलेला शब्द. जो शब्द माणसाचा होता तो मराठीत खेळाचा झाला आणि माणसासाठी पुन्हा नवा प्रत्यय लावून जुगारी करावा लागला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. त्यात तो बायको गमावतो, कर्ज काढतो, सासू त्याचा द्वेष करते, आणि शेवटी त्याला सांगितलं जातं की फासे सोड आणि शेत नांगर. त्या सूक्तातला जुगाऱ्यासाठीचा शब्द कितव. पुढच्या संस्कृतात कितव म्हणजे लबाड, ठक. जुगाऱ्याचा ठक व्हायला भाषेला फार वेळ लागला नाही.

डावात सगळं जाऊ शकतं, हे मुलांच्या खेळांनाही ठाऊक होतं. भिकार-सावकार हा खेळ कोणी खेळला नाही? एकाकडे सगळी पानं जातात तो सावकार, दुसरा भिकार. मोठी माणसं चिंचोके लावायची, शेंगदाणे लावायची, काड्यापेटीतल्या काड्या लावायची, आणि खेळ संपला की चिंचोके परत डब्यात जायचे. तिथे नाल नव्हती.

२०२५ च्या जुलैमध्ये रमी हा शब्द महाराष्ट्रात सगळ्यांच्या तोंडी झाला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला, त्यांनी तो नाकारला, आणि महिनाअखेरीस त्यांच्याकडचं कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आलं. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला: २० ऑगस्टला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांची टेबलं बंद केली. कायदा न्यायालयात टिकेल की बदलेल, यावर वकिलांनी भांडावं. मला शब्दांपुरतं सांगायचं तर कायद्याने कौशल्य हा शब्द बाजूला ठेवून पैशाकडे बोट दाखवलं, ते बरोबर केलं. मेंढीकोटात कौशल्य आहे, कॉलब्रेकमध्ये आहे, ब्रिजमध्ये तर आहेच. पण जुगार ही खेळाची जात नव्हतीच कधी. पैसे लावले आणि कोणीतरी नाल काढली की मेंढीकोटही जुगार, आणि लावले नाहीत तर तीन पत्तीही पोरखेळ. मराठी माणूस जुगार म्हणताना हेच म्हणत आला आहे.

मला हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी कॉल, स्पेड, ट्रिक, राउंड, विनिंग्ज आहेत. दुर्री, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी ही सगळी आता आजोबांची पानं. उतारी कोणाची, हात ओढ, हुकूम उघड, बंद की कट, ही वाक्यं म्हणायला चार माणसं समोर लागतात, आणि ती बसली तर ही वाक्यं परत येतात. कायद्याने पैशांची टेबलं बंद केली. सतरंजी कोणी बंद केलेली नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. दश्शीला मेंढी किंवा मिंडी म्हणण्याची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मला नकाशावर मांडायचं आहे. तुमच्या घरातल्या वयस्कर माणसाला विचारा: दहाच्या पानाला काय म्हणता, नऊच्या पानाला नव्वी की नश्शी, भिडूला दुसरा काही शब्द होता का, आणि अड्डेवाला काढायचा त्या पैशाला तुमच्याकडे काय म्हणायचे. गावाचं नाव, तालुका, सांगणाऱ्याचं अंदाजे वय आणि शब्द जसा ऐकलात तसा, एवढं लिहून पाठवा. सांगणाऱ्याचं नाव नको. बोईसर, डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागातून आलं तर सगळ्यांत आधी हवं आहे.